पदराखालचा भाव

किल्ली कपाटालाच लटकत होती, आणि नेमकी हीच गोष्ट मुक्ताबाईंना खटकली.

ज्याला काही लपवायचं असतं तो किल्ली कमरेला लावून फिरतो. ही धाकटी सून मात्र कपाट उघडं टाकून खुशाल भाजी आणायला गेलेली. म्हणजे एकतर अगदीच भोळी, नाहीतर भलतीच पोचलेली. आणि बी. कॉम. झालेली बाई भोळी असू शकते यावर मुक्ताबाईंचा काडीचा विश्वास नव्हता.

त्यांनी दार आतून लोटून घेतलं. स्वयंपाकघरात थोरली सून राजेश्वरी मटणाचं वाटण करत होती. मिक्सरचा आवाज थांबला की आपणही थांबायचं, सुरू झाला की पुढचा कप्पा, असं मुक्ताबाईंचं चाललं होतं. आपल्याच घरात चोरासारखं वागायची वेळ आली म्हणून त्यांना स्वतःचाच संताप येत होता, आणि तो संताप त्या गीतांजलीच्या नावावर चढवत होत्या. हिनंच ही वेळ आणली ना!

परवा पाडवा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात निकमांनी घेतलेल्या दुसऱ्या गाळ्याची पूजा पाडव्यालाच. गाळ्याच्या किल्ल्या आणि गल्ला गीतांजलीकडे, असं मुक्ताबाईंच्या नवऱ्यानं, शहाजीरावांनी, सिंगापूरहून आल्या आल्या जाहीर करून टाकलं होतं. थोरला सुभाष जुना गाळा बघतो, धाकटा शिवतेज ट्रक आणि वजनकाटा सांभाळतो, मग नव्या गाळ्याच्या गल्ल्यावर घरचंच माणूस हवं, असं त्यांचं म्हणणं. 'घरचं' हा शब्द ऐकून राजेश्वरीचा हात भाकरी थापता थापता थांबला होता.

"आत्या, घरचं म्हंजी नेमकं कोन हो?" तिनं त्याच दिवशी विचारलं होतं. राजेश्वरी म्हणजे मुक्ताबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी, साताऱ्याकडून सून करून आणलेली. "मी आठ वर्सं इथं राबती. तिला येऊन दोन वर्सं न्हाईत झाली. कोकनातली, लव्ह मॅरेज करून आलेली. आनी ती घरची?"

मुक्ताबाईंनी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. पण त्यानंतर दोनशे डॉलरची भानगड निघाली.

सिंगापूरला चौघं गेली होती, नवराबायको आणि शिवतेज-गीतांजली. शहाजीरावांची साठी म्हणून शिवतेजनं हट्टानं काढलेली सहल. माणशी पाचशे अमेरिकन डॉलर बँकेतून रोख मिळाले होते, आणि ते सगळे गीतांजलीच्या पोटावरच्या पट्ट्यात. रोज संध्याकाळी ती पलंगावर मांडी घालून बारक्या वहीत खर्च लिहायची. परत आल्यावर सुभाषनं ती वही सहज म्हणून चाळली, आणि त्याचा चेहरा बदलला. हॉटेलच्या बिलात दोनशे डॉलरचा घोळ होता. सात हजार रुपये! आणि त्याच आठवड्यात गीतांजलीच्या भावानं, अभिरामनं, कोपरखैरण्याला एस.टी.डी. बूथ टाकला. आता माणसानं काय समजायचं?

मिक्सर थांबला. मुक्ताबाई थांबल्या. पुन्हा सुरू झाला.

वरच्या कप्प्यात तो पोटावरचा पट्टा मिळाला. रिकामा. त्याखाली निळ्या साडीची घडी होती, बोटांना काहीतरी कुरकुरलं. घडीच्या आत एक लांबट पावती, चार घड्या घातलेली. इंग्रजी सगळं. मुक्ताबाई चौथी शिकलेल्या, तीही मराठीत, पण बाजारातल्या माणसाच्या बायकोला आकडे कुठल्याही भाषेत वाचता येतात. पंधराशे साठ. तेराशे. आणि मध्ये एक पूर्णांक वीस. सगळ्यात खाली एक सही होती.

ती सही मात्र मराठीत होती. श. रा. निकम. 'म'ची शेपटी लांब ओढून खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

चाळीस वर्षं ही सही त्यांनी पाहिली होती. रेशनकार्डावर, पोरांच्या प्रगतिपुस्तकावर, ह्या फ्लॅटच्या कागदावर. मुक्ताबाईंचा हात तसाच साडीवर राहिला. धाकट्या सुनेच्या कपाटात, साडीच्या घडीत, नवऱ्याच्या सहीचा कागद? हा काय प्रकार?

दाराची बेल वाजली. कागद त्यांनी झटकन कनवटीला खोचला, साडी होती तशी ठेवली, आणि जणू देवघरातूनच आल्यासारख्या बाहेर आल्या. गीतांजली भाजीच्या पिशव्या घेऊन दारात उभी होती, घामाघूम.

"आई, कोथिंबीर चांगली मिळाली आज," ती म्हणाली.

"बरं," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

*

जेवणं झाली. मटण झकास झालं होतं, पण कुणी 'वा' म्हटलं नाही. शहाजीराव दिवाणावर तक्क्याला टेकून बसले, तंबाखूचा डबा मांडीवर. शिवतेज खिडकीपाशी. गीतांजली स्वयंपाकघराच्या दारात, हात पुसत. राजेश्वरी तिच्या मागे, म्हणजे तिला आत पळायला वाट राहू नये अशी. सुभाषनं टीपॉय पुढे ओढला आणि त्यावर एकेक कागद मांडायला सुरुवात केली. ऑक्शनला माल मांडावा तसा.

"बस ना, गीतांजली," तो म्हणाला. "टेन्शन नको घेऊस. नुसतं समजून घ्यायचंय."

"बोला, दादा. मी उभीच बरी आहे."

"हे हॉटेलचं बिल. दोन खोल्या, सहा रात्री. पंधराशे साठ सिंगापूरचे डॉलर. बरोबर?"

"हो."

"ही पावती तिथल्या बाजारातल्या पैसे बदलून देणाऱ्याची. तीनशे अमेरिकन डॉलर तू बदललेस. एकाला त्यांचे एक बेचाळीस मिळाले. बरोबर?"

"हो."

"मग एक बेचाळीसनं पंधराशे साठला अमेरिकन किती लागतात? मी कॅल्क्युलेटरवर दहा वेळा केलं. अकराशेला एक-दोन कमीच. आणि तुझ्या वहीत, तुझ्या अक्षरात काय आहे?" सुभाषनं वही उघडून फिरवली. "हॉटेल, तेराशे. मधले दोनशे?"

"तेवढेच गेले, दादा."

"कुठे गेले?"

"हॉटेललाच."

"हॉटेलवाल्यानं दोनशे डॉलर बक्षीस घेतलं का?" सुभाष हसला. हसला म्हणजे दात दाखवले. "गंगाराम शेठचा मुलगा गेल्या महिन्यात त्याच हॉटेलात राहून आला. त्याला विचारलं मी. त्याचे नाही गेले जास्त."

मुक्ताबाईंची नजर कागदांवर नव्हती. ती शहाजीरावांवर होती. सही कनवटीत टोचत होती, त्यामुळे आज त्यांना नवऱ्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघावं लागत होतं. चुना लावलेली तंबाखू हातात तशीच होती. मघापासून मळताहेत, तोंडात काही टाकत नाहीत. हा माणूस जेवणावर तंबाखू विसरला असं मुक्ताबाईंनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"येक इचारू का, आत्या?" राजेश्वरी मागून म्हणाली. "हिचे वडील दिनानाथराव पावणे गावातल्या कंपनीत सुपरवायझर. पगार आपल्याला ठावं हाय. मग भावाच्या बूथचं डिपाझिट कुटनं आलं?"

"वहिनी, तोंड सांभाळून हां!" शिवतेज खिडकीपासून उसळला. "अभिरामनं सोसायटीचं कर्ज काढलंय. मी जामीन आहे."

"तू जामीन हाईस व्हय?" राजेश्वरीनं डोळे मोठे केले. "बघा, आत्या. ह्ये बी आज कळतंय."

शिवतेजला आपण काय बोलून बसलो ते उमगलं. तो बायकोकडे वळला, आणि आता त्याचाच आवाज चढला. "अगं, तू बोल ना काहीतरी! त्या दिवशी मी खाली टॅक्सीत बॅगा ठेवत होतो. काउंटरवर तू होतीस. काय झालं तिथे? खरंच झाले ना तेराशे?"

'खरंच' म्हणाला तो. इतका वेळ ताठ उभी असलेली गीतांजली एवढ्या एका शब्दानं खाली बघायला लागली. मुक्ताबाईंनी ते टिपलं. थोरल्यानं चोर ठरवलं, जावेनं ठरवलं, ते तिनं झेललं होतं. नवऱ्यानं नुसती शंका काढली आणि पोरीचा चेहरा पार उतरला. चोरी करणाऱ्या बाईचा चेहरा आधीच उतरतो, की असा मागाहून?

"माझ्या गळ्याची शपथ घे आणि सांग," शिवतेज म्हणाला. "दोनशे कुठे गेले?"

"मी एक पैसा घेतलेला नाही, ही शपथ घेते. हवी तर देवापुढे घेते."

"ते नाही. कुठे गेले, ते सांग."

गीतांजलीनं ओठ दाबले. "ते मला नाही सांगता येणार."

"ऐकलंत?" सुभाषनं टीपॉयवर हात आपटला. "सांगता येणार नाही! अण्णा, उद्या नव्या गाळ्याच्या गल्ल्यात दोन लाख कमी आले, आणि ही म्हणाली सांगता येणार नाही, तर काय करणार तुम्ही? किल्ल्या माझ्याकडे द्या. दोन्ही गाळे मी बघतो. तुमचंही वय झालं आता, तुम्ही आराम करा."

"मला नकोत किल्ल्या," गीतांजली म्हणाली. "तुम्ही घ्या, दादा. फक्त मला चोर म्हणू नका. बाकी काही नको."

आणि तेव्हा शहाजीराव पहिल्यांदा बोलले.

"जाऊ दे रं, सुभाष. दोनशे डालर म्हंजी काय लई झालं? गेलं तर गेलं. मिटवा इषय."

मुक्ताबाईंच्या मनात काहीतरी खट्कन वाजलं.

गेलं तर गेलं? हा माणूस रिक्षावाल्याशी एका रुपयासाठी सेक्टरच्या नाक्यावर अर्धा तास भांडतो. गोणीमागं चार आणे कमी लागले तर जेवायला घरी येत नाही. साताऱ्याहून हमाली करायला आलेला हा गडी पाठीवर गोणी वाहता वाहता भावाचा दर्दी झाला, आणि 'भाव कळावा तर शहाजीला' असं अख्खं मार्केट म्हणतं. तो सात हजाराला 'जाऊ दे' म्हणतोय?

आणि मग त्यांना ती सकाळ आठवली. हॉटेलातली शेवटची सकाळ.

पाय सुजले होते म्हणून त्या खालच्या मोठ्या दिवाणखान्यात मऊ कोचावर रुतून बसल्या होत्या. समोर लांबच लांब काउंटर, मागे टाय लावलेला गोरटेला कारकून. शहाजीराव काउंटरला रेलून उभे. गीतांजली त्यांच्या बाजूला, त्यांच्या बाहीला हात लावून काहीतरी सांगतेय, बाहेर रस्त्याकडे बोट दाखवतेय. शहाजीरावांनी तिला हातानंच 'थांब' केलं. मग तो टायवाला पुढे वाकला आणि आकड्यांचं यंत्र त्यानं हळूच शहाजीरावांकडे वळवलं, वरून तळहाताचा आडोसा धरून. आणि शहाजीराव हसले. ते हसू मुक्ताबाई ओळखत होत्या. सौदा जमला की मार्केटातून घेऊन यायचे, ते. तेव्हा त्यांना आपलं बरंच वाटलं होतं. परदेशात बिचारे हरवल्यासारखे वागत होते, एकदाचे हसले.

पण विमानात जेवण आलं तर शहाजीरावांनी ते तसंच परत केलं. 'भूक न्हाई,' म्हणाले. त्या दिवसापासून ते नीट हसलेच नव्हते. आल्याबरोबर गीतांजलीला गाळा देऊन टाकला तो काय नुसता हुशारीवर?

मुक्ताबाईंचा संशय गेले दोन महिने एकाच माणसावर बसून होता. आता तो उठला आणि चालत चालत दिवाणापर्यंत आला. त्याचं नवल करायलाही त्यांना सवड नव्हती.

कनवटीची पावती काढून टीपॉयवर टाकली असती की झालं असतं. पण मग भर बैठकीत, थोरल्या पोरापुढे, नवऱ्याची सही नागडी पडली असती. सुभाष 'आराम करा' म्हणून बसलेलाच होता. अन् पावती कुठून आली हेही सांगावं लागलं असतं. छे! नवऱ्याला एक संधी तरी द्यायला हवी होती. त्यानं स्वतःच्या तोंडानं बोलावं, इतपत.

त्या उठल्या, गुडघ्यांवर हात टेकत, आणि दिवाणावर नवऱ्याला लागून बसल्या. पोरांपुढे असं कधी बसत नसत त्या. शहाजीराव जरा सरकले.

"अवो, हात आना हिकडं," त्या म्हणाल्या.

"कशापायी?"

"आना म्हंते ना."

त्यांनी नवऱ्याचा उजवा हात ओढून घेतला आणि त्यावर पदर टाकला.

मार्केटात अजूनही खरा भाव तोंडानं बोलत नाहीत. अडत्या आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, आणि शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. नवीन लग्न झालेलं असताना मशीद बंदरच्या दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दोन दीर आणि हे दोघं राहत. तेव्हा शहाजीरावांनी मुक्ताबाईंना ती बोटांची भाषा शिकवली होती. सासू पलीकडे तांदूळ निवडत बसलेली असे, आणि हे पदराखाली बायकोला आजची खरी हमाली सांगत. आईला सांगायचा आकडा वेगळा, बायकोचा वेगळा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, मूठ वळली की शून्य. रुमालाखाली खोटं बोलायचं नाही, ही बाजाराची रीत. शहाजीरावांनी ती पदराखालीही पाळली होती. त्याला आता किती वर्षं झाली, देव जाणे.

मुक्ताबाईंनी त्यांचा तळहात दोनदा दाबला. म्हणजे, भाव बोला.

हात निपचित होता.

"आई, हे काय चाललंय?" सुभाषनं विचारलं.

"तू गप बस."

त्यांनी पुन्हा दोनदा दाबला. आता जोरात. नवऱ्याच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही, ते पदराखालच्या भाषेत बसत नाही. समोर पाहिलं. समोर गीतांजली होती. ती पदराकडे बघत होती, काहीच न कळता.

मग शहाजीरावांची बोटं हलली. बायकोचं एक बोट त्यांनी धरलं. सोडलं. दोन बोटं धरली. सोडली. आणि मूठ वळली. ती मूठ सुटेचना.

एक, दोन, शून्य. एक वीस.

मुक्ताबाईंनी पदर काढला नाही. मूठ तशीच धरून हळू म्हणाल्या, "मला सांगितलंसा. आता पोरांस्नी सांगा. न्हायतर ती पोर पाडव्याला ह्या घरातनं जाईल."

शहाजीरावांनी घसा खाकरला. एकदा, दोनदा.

"सुभाष, ते कागुद गोळा कर," ते म्हणाले. "डालर म्या दिलं त्या हाटेलवाल्याला. एक वीसच्या भावानं. एक बेचाळीसचा माल म्या एक वीसला घातला."

खाली सोसायटीच्या आवारात कुणाचीतरी स्कूटर चालू होत नव्हती, तेवढी ऐकू येत होती.

"ही पोरगी सांगत हुती," शहाजीराव म्हणाले. "दोनदा सांगितलं तिनं. 'अण्णा, समोरच्या दुकानात पाटीवर एक बेचाळीस लिवलंय. तिथं बदलू, आनी हाटेलवाल्याला त्याच्याच देशाचं पैसं देऊ. आपलं डालर त्याच्यापुढं ठिवलं की भाव तो ठरवनार.' म्या म्हनलं, गप. पाटीवरचा भाव कुनासाठी असतो? येड्या गिऱ्हाइकासाठी. आपल्या मार्केटात खरा भाव कदी कुनी पाटीवर लिवलाय? आनी त्या टायवाल्यानं ते यंत्र असं, हातानं झाकून, हळूच माज्याकडं वळवलं. 'फॉर यू, सर' म्हनला. मला वाटलं, ह्यो आपल्यातला. ह्यानं वळखलं आपल्याला." ते थांबले. "तितं जाऊन मला कुनी वळखत नव्हतं ना. बरं वाटलं बग. सही बी मराठीत केली, ऐटीत."

"मग कळलं कधी?" शिवतेजनं विचारलं.

"इमानतळावर. तितं बी पाटी हुती. एक एक्केचाळीस. हिला इचारलं, पोरी, काय लागलं गं आपलं? हिनं सांगितलं. दोनशे. म्या म्हनलं, घरात बोलू नगंस. हिनं मान हलवली. तवापास्नं पोरगी शब्द बोलली न्हाई, आनी म्या इथं तंबाखू मळत बसलो."

माल त्यांचा, काटाही त्यांचाच, आणि आपण आपलं वजन करून घेतलं, असं काहीतरी ते पुटपुटले. मुक्ताबाईंना नवऱ्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आल्यानं डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं. पदर तसाही हातातच होता.

सुभाष कागद गोळा करत होता. त्याच्या ओठाच्या कडेला बारीकशी सुरकुती पडली. "म्हणजे अण्णा, तुम्हीच... भाव तर सगळं मार्केट तुम्हाला विचारतं!"

"हसू नगंस," मुक्ताबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण सुभाषची सुरकुती तिथेच विझली. "त्यांनी निदान कबूल केलं. तू दोन महिनं कागुद जमवलंस ते कशापायी, ते मला म्हाईत हाय. राजे, तुला बी सांगती. माज्या भावाची लेक हाईस, म्हनून तोंडावर सांगती."

राजेश्वरीनं मान खाली घातली. नुसती घातली. पटलं की नाही ते तिचं तिलाच ठाऊक.

शिवतेज बायकोजवळ गेला. भलतंच बोलला. "अगं पण वहीत तेराशे कशाला लिहिलंस? अकराशे लिहून दोनशे इकडेतिकडे घातले असतेस, तर कुणाला कळलंही नसतं."

"गेले तेवढे लिहिले," गीतांजली म्हणाली. "खोटं कसं लिहू?" मग जरा थांबून, "आणि तू 'खरंच ना' म्हणालास."

ते शिवतेजला पुढे बरेच दिवस पुरणार होतं.

शहाजीराव उठले. देवघरातल्या कोनाड्यातून नव्या गाळ्याच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी आणला, पाडव्याला दोन दिवस अवकाश असताना, मुहूर्त न बघता. मुहूर्ताशिवाय गोणीसुद्धा न हलवणारा माणूस! जुडगा त्यांनी गीतांजलीपुढे धरला.

"घे पोरी. तितं सही मला इचारून करू नगंस. मीच तुला इचारून करीन."

गीतांजलीनं किल्ल्या घेतल्या. वाकून त्यांच्या पाया पडली. मग मुक्ताबाईंच्या पाया पडायला आली, आणि मुक्ताबाईंच्या कनवटीत ती पावती पुन्हा टोचली.

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. गुपचूप उद्या जाऊन निळ्या साडीत ठेवून द्यायची, किल्ली कपाटालाच असते. कुणाला काही कळलं नसतं. पण नुकतंच नवऱ्याला चार माणसांत बोलायला लावलं होतं. त्याची मूठ अजून त्यांच्या तळहातात असल्यासारखी वाटत होती. त्याच्याकडून वसूल करायचं आणि स्वतः मागच्या दारानं निघायचं, हे मुक्ताबाईंना जमेना.

त्यांनी कनवटीची पावती काढली आणि वाकलेल्या सुनेच्या हातात ठेवली.

"तुज्या कपाटातनं काढली," त्या म्हणाल्या. "सकाळी, तू भाजीला गेल्तीस तवा. मीच."

गीतांजली सरळ झाली. पावतीकडे तिनं पाहिलं, मग सासूकडे. तिचे डोळे इतका वेळ कोरडे होते, एवढ्या आरोपांतही, ते आता भरून आले.

"आई, तुम्ही विचारलं असतंत, तर..." ती म्हणाली.

"व्हय. इचारायला पायजे हुतं." मुक्ताबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीनं तो झिडकारला नाही, पण तिचं डोकं त्या हाताखाली ताठ होतं.

ती आत गेली. हॉलमध्ये सुभाषनं टीव्ही लावला, कुणाला बघायचं नसताना. राजेश्वरी ताटं विसळायला लागली. शहाजीरावांनी अखेर तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि खिडकीबाहेर बघत बसले, पण त्यांचा खांदा मुक्ताबाईंच्या खांद्याला लागलेलाच होता, तो त्यांनी काढला नाही.

आतून कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. मग दोन वर्षांत ह्या घरात कधी न आलेला एक आवाज. कुलपात किल्ली फिरली, आणि मागोमाग ती काढून घेतल्याचीही किणकिण आली.

मुक्ताबाईंनी ती ऐकली. काही म्हणायला जागाच नव्हती.